तेल झोपलंय

पास्कोल अंकल ज्या गाडीत बसतात, ती गाडी चालू केल्याबरोबर हलवायची नाही असा नियम आहे. नियम अर्थात त्यांचाच. बाहेर ऑगस्टचं ऊन असो, स्टिअरिंगला हात लावला तर साल निघेल अशी परिस्थिती असो, सीटच्या पट्ट्याचं बक्कल चटका देत असो, अंकल पुढच्या सीटवर शांतपणे बसतात, हात वर करतात आणि म्हणतात, "घाई नको. तेल झोपलंय."

झोपलेलं तेल म्हणजे गिअरबॉक्समधलं. अंकलचं म्हणणं असं, की रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतलं तेल थंडीने घट्ट होतं. इंजिन चालू केलं की ते हळूहळू जागं होतं, सगळीकडे फिरतं, आणि मग गिअर टाकायचा. तेल झोपेत असताना गिअर टाकला तर आतल्या चकत्या घासतात, गाडी आधी जागची हलत नाही आणि मग गचका देऊन सुटते. हे सगळं शंभर टक्के खरं आहे. फक्त ते कॅनडात खरं आहे. आम्ही राहतो दुबईत. इथे रात्रीचा एसी बंद पडला तर माणसं झोपत नाहीत, तिथे तेल काय झोपणार?

पण अंकलशी वाद घालायची सोय नाही. "अंकल, बेचाळीस डिग्री आहे हो," असं मी एकदा घाम पुसत म्हणालो, तर ते म्हणाले, "सवय उन्हाळ्यात लावायची असते, कदम. हिवाळ्यात नुसती वापरायची."

गाडी सुधाकरची. सुधाकर चिपळूणचा, आमच्याच वर्कशॉपमध्ये डेंटिंग-पेंटिंग बघतो. मी त्याच वर्कशॉपच्या ऑफिसात स्पेअर पार्टच्या खरेदीला आहे आणि पास्कोल अंकल आहेत गिअरबॉक्सचे फोरमन. तिघेही राहतो इंटरनॅशनल सिटीत. तिथल्या बिल्डिंगांच्या गटांना देशांची नावं दिलेली आहेत. मी बायको-मुलीसह इंग्लंडमध्ये राहतो. सुधाकर आणि अंकल एका शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये, रशियात. "रशियात राहून राहून अंकलना थंडी वाजायला लागलीय," असं सुधाकर नव्या माणसाला सांगतो. नवा माणूस हसतो. अंकल हसत नाहीत. ते फोनवर तापमान बघत असतात.

तापमान दुबईचं नव्हे. दुबईचं तापमान त्यांच्या लेखी बघण्यासारखं नाहीच. गरम, जास्त गरम, एवढे दोनच प्रकार. त्यांच्या फोनवर विनिपेगचं तापमान असतं. विनिपेग हे गाव कॅनडात कुठेतरी मधोमध आहे आणि तिथे माणसं का राहतात हे मला अजून कळलेलं नाही. सकाळी पार्किंगमध्ये भेटलो की आपण 'गुड मॉर्निंग' म्हणावं तर अंकल म्हणणार, "उणे सव्वीस." आणि अशा चेहऱ्याने म्हणणार, की आपणच शर्टाचं वरचं बटण लावावं. माझी मुलगी एकदा सोबत होती. तिने विचारलं, "अंकल, व्हाय आर यू ऑल्वेज इन विंटर?" अंकलनी तिच्या हातात आवळ्याची गोळी ठेवली आणि विषय बदलला.

मूळचे ते वसईकडचे. घरी केळीची वाडी, विहीर, अंगणात क्रूस. अर्धं आयुष्य आखातात गेलं. चष्मा दोरीने गळ्यात, पांढरी मिशी काळजीपूर्वक कातरलेली, खिशात एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर. हा स्क्रू-ड्रायव्हर ते स्क्रू फिरवायला वापरत नाहीत. त्याचं टोक चालू गिअरबॉक्सला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं. मग डोळे मिटायचे. अशा वेळी आसपास कोणी बोललं तर, "खलास! गेला आवाज!" म्हणून ओरडतात. वर्कशॉपमध्ये पाकिस्तानी आहेत, केरळचे आहेत, फिलिपिनो आहेत. अंकल डोळे मिटून बसले की सगळे पाय न वाजवता चालतात.

आता या माणसाला कॅनडातल्या थंडीचं एवढं वेड का? तर अंकलची एकुलती मुलगी, शेरल, तिथे नर्स आहे. शिकायला गेली तेव्हा तिने एक जुनी गाडी घेतली होती. ती गाडी म्हणजे एक दुखणंच होतं. विनिपेगच्या थंडीत तिचा गिअरबॉक्स आधी रुसायचा, मग कण्हायचा, मग कुठेतरी चौकात गचका द्यायचा. शेरल ड्यूटीवरून रात्री घरी निघाली की इकडे आमची सकाळ झालेली असते. मोबाइल कप ठेवायच्या खाचेत ठेवून ती गाडीचा आवाज रेकॉर्ड करायची आणि अंकलना पाठवायची. इथे त्या हिरव्या ॲपवरून कॉल लागत नाहीत, पण बोललेले मेसेज येतात-जातात.

त्यामुळे आमच्या सकाळच्या प्रवासात इतरांच्या गाडीत जुनी गाणी लागतात, बातम्या लागतात, तसा आमच्या गाडीत कॅनडाचा गिअरबॉक्स लागायचा. आधी शेरलचा आवाज, "पप्पा, उणे सत्तावीस. ऐका." एवढंच. मग घर्रर्र, ऊंऊंऊं, खट्, पुन्हा घर्रर्र. अंकल डोळे मिटून ऐकायचे. एका ठिकाणी आले की बोट वर करायचे, "हां! इथं!" आणि मेसेज मागे नेऊन तेवढाच तुकडा परत लावायचे. परत. आणि परत.

"काय आहे इथं?" मी विचारायचो.

"दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना," अंकल म्हणायचे. "तुला नाही कळायचं."

मला खरंच काही कळायचं नाही. मला सगळीकडे सारखीच घर्रर्र ऐकू यायची. शेवटी अंकल बटण दाबून उत्तर पाठवायचे, "बाय, ऐकलं. तेल झोपलंय. घाई नको." झालं बाप-लेकीचं बोलणं. तिकडून एक अंगठा यायचा.

या अभ्यासापायी अंकलनी काय काय केलं हे सांगायला बसलो तर सुधाकरचं नाव निघाल्याशिवाय राहणार नाही. थंडीत कुठलं तेल किती घट्ट होतं हे बघायला अंकल वर्कशॉपमधून वेगवेगळी तेलं बाटल्यांत भरून आणायचे आणि फ्लॅटच्या फ्रीजरमध्ये ठेवायचे. "तिकडं उणे तीस, आपला फ्रीजर उणे अठरा. बाकीचं मनात धरायचं." ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लालभडक असतं. जून महिना, सुधाकर उन्हातून आलेला, आणि फ्रीजरमध्ये गार पडलेली लालभडक बाटली. चिपळूणच्या माणसाला या जगात लाल बाटलीचा एकच अर्थ माहीत असतो. त्याने ते कोकमाचं आगळ समजून ग्लासात ओतलं, वर पाणी घातलं, साखर आणि मीठ घातलं, जिऱ्याची पूडसुद्धा घातली. तेल काही केल्या पाण्यात मिसळेना. सुधाकरला वाटलं, गोठल्यामुळे असेल. तो चमच्याने ढवळत बसला. वास आला म्हणून वाचला, नाहीतर थेट तोंडाला लावणार होता.

अंकलना कळलं तेव्हा त्यांनी सुधाकरच्या पोटाची चौकशी केली असेल असं कोणाला वाटेल. ते म्हणाले, "फ्रीजरचं दार किती वेळ उघडं ठेवलंस?"

दुसरा प्रकार त्या मॉलमधला, जिथे आत खोटा बर्फ आहे. तिकीट काढायचं, भाड्याचं जाकीट घालायचं आणि आत जाऊन लोकांच्या पोरांनी मारलेले बर्फाचे गोळे खायचे. आम्ही सहकुटुंब निघालो होतो तर अंकल आपणहून म्हणाले, मी पण येतो. आम्हाला आनंद झाला. आत गेल्यावर सगळे घसरगुंडीकडे पळाले आणि अंकल एका कोपऱ्यात हातमोजे काढून उभे राहिले. बराच वेळ तसेच. बोटं निळसर झाली, मिशी थरथरायला लागली. मग त्यांनी खिशातून गिअरबॉक्सची डिपस्टिक काढली, म्हणजे तेल मोजायची ती लांब पट्टी, आणि चिंधीने पुसायचा प्रयत्न केला. पट्टी हातातून पडली. उचलली, परत पडली. सिक्युरिटीवाला धावत आला. "सर, व्हॉट इज दिस?"

"हबीबी, वन मिनिट," अंकल म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बघितलंस? बोटं बधिर होतात. ती तिथं काय तेल मोजणार? मोजत नाही म्हणून मी उगाच तिच्यावर चिडलो."

त्या रात्रीच्या उत्तरात त्यांनी शेरलला सांगितलं, की तेल घरी न मोजता पेट्रोलपंपाच्या गॅरेजात, उबेत उभं राहून मोज. तिकडून अंगठा आला. अंकल खूश झाले.

एकदा मी सहज म्हणालो, "अंकल, आता तिला चांगली नोकरी आहे. नवी गाडी घ्यायला सांगा ना. किती दिवस त्या खटाऱ्याला जपणार?"

अंकल इतके भडकले, की सुधाकरने गाडी बाजूला घेतली. "खटारा? अरे त्या गाडीला अजून काहीही झालेलं नाही! एक सील बदललं, फिल्टर बदलला, तेल बदललं, माझ्या सांगण्यावरून चालली ती! तिथला मेकॅनिक म्हणत होता गिअरबॉक्स फेकून द्या. फेकून द्या म्हणे! यल्ला, चल तू, चल."

मग कधीतरी, दुपारी जेवताना, त्यांनी डबा उघडत मला आपणहून सांगितलं. ते गल्फला आले तेव्हा शेरल रांगत होती. वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर सुट्टी. प्रत्येक सुट्टीत एक वेगळीच मुलगी दार उघडायची आणि आईमागे लपायची. तिची ओळख होईपर्यंत बॅग भरायची वेळ यायची. "फोनवर मी विचारायचा, कशी आहेस? ती म्हणायची, बरी आहे, मम्मीला देते. आमचं सगळं बोलणं फिलोमिनाच्या थ्रू." फिलोमिना म्हणजे अंकलची बायको. ती गेली आणि फोन द्यायला मध्ये कोणी उरलं नाही. बाप आणि लेक दोन्ही टोकांना गप्प. "कॉल करायचं ॲप आहे रे माझ्याकडं. लावला एक-दोनदा. ती पण 'हां पप्पा', मी पण 'हां बाय'. मग काय?" अशात एका रात्री तिची गाडी चौकात बंद पडली आणि तिने घाबरून पहिल्यांदा बापाला मेसेज केला, की पप्पा, गिअर पडत नाहीये.

"त्या दिवशी मी तिच्याशी अर्धा तास बोललो," अंकल म्हणाले. "नॉनस्टॉप." आणि ते जेवायला लागले.

मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. त्या दिवसापासून मी त्या गाडीला खटारा म्हणालो नाही. उलट ती गाडी अशीच थोडी थोडी बिघडत राहो, अशी मी मनातल्या मनात इच्छा करायला लागलो. खरेदी खात्यातल्या माणसाने असं म्हणणं शोभत नाही, पण म्हणायचो.

आणि ऑक्टोबर संपता संपता शेरलचा मेसेज आला. त्या दिवशी घर्रर्र नव्हती. "पप्पा, मी नवीन गाडी घेतली. इलेक्ट्रिक. जुनी देऊन टाकली. आता तुम्हाला त्रास नाही."

मग सुधाकर उगाच उत्साहाने म्हणाला, "अरे वा, अंकल! पार्टी पाहिजे! इलेक्ट्रिकला गिअरबॉक्सच नसतो ना?"

"एक गिअर असतो," अंकल म्हणाले. "बदलायचं काही नसतं त्यात." मग बटण दाबून त्यांनी उत्तर दिलं, "छान केलंस, बाय." आणि फोन खिशात ठेवून दिला.

त्यानंतर मेसेज येईनात. यायचं कारणच नव्हतं. अंकल कामावर यायचे, गिअरबॉक्स उघडायचे, पण स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला की लगेच काढायचे. कोणी बोललं तरी ओरडायचे नाहीत. पाकिस्तानी फोरमन मला बाजूला घेऊन विचारून गेला, "भाईसाब, चाचा की तबीयत तो ठीक है?" सकाळी पार्किंगमध्ये तापमान सांगणंही बंद झालं. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. सुधाकर तर गाडी चालू करून स्वतःच थांबून राहायचा आणि म्हणायचा, "अंकल, तेल झोपलंय ना?"

"चल रे," अंकल म्हणायचे. "दुबईत कशाला झोपतंय तेल?"

एवढी वर्षं हे वाक्य त्यांनी म्हणावं म्हणून आम्ही जीव टाकत होतो. म्हणाले तेव्हा दोघांनाही ते ऐकवलं नाही.

एक दिवस दुपारी बघतो तर अंकल टायरच्या ढिगामागे एकटे बसून जुने मेसेज ऐकत होते. मी शेजारी जाऊन बसलो. घर्रर्र, ऊंऊंऊं, खट्. नेहमीच्या ठिकाणी अंकलचं बोट वर गेलं. मला गिअरचं काही कळत नाही, म्हणून मी त्या दिवशी गिअर सोडून बाकीचं ऐकलं. आणि मला ऐकू आलं. त्या घरघरीच्या मागे, अगदी हळू, कोणीतरी गुणगुणत होतं. दोन ओळी, बस. मग खट्, आणि पुन्हा घर्रर्र.

"अंकल," मी म्हणालो, "हा काही गिअरचा आवाज नाही."

"गिअरचाच आहे," अंकल म्हणाले. मग मेसेज थांबवून म्हणाले, "फिलोमिना भाकरी थापताना हेच म्हणायची. पोरीला माहीत पण नसेल, की ती गुणगुणते." आणि चष्मा पुसायला दोरी सोडवत बसले. मी काहीतरी ऑर्डर राहिल्याचं निमित्त काढून उठलो.

नोव्हेंबर संपत आला तरी दुबईत गाडीत एसी लागतोच. एका सकाळी आम्ही तिघे नेहमीसारखे बसलो, सुधाकरने इंजिन चालू केलं आणि अंकलचा फोन वाजला. मेसेज होता. चांगला लांबलचक. अंकलनी चष्मा लावून नाव बघितलं, परत बघितलं, आणि मग बोट लावलं.

सुरुवातीला काहीच नाही. मग टिक-टिक, टिक-टिक, इंडिकेटरची. बर्फावरून टायर जाताना होते ती करकर. आणि मग शेरल.

"पप्पा, ऐकताय ना? या गाडीला आवाजच नाही हो. पहिल्यांदा मला वाटलं बंदच पडली. जुनी गाडी कशी, सारखी कुरकुरायची. मग मला वाटायचं, तुम्ही ऐकताय. आता घरी पोचेपर्यंत एवढी शांतता... म्हणून म्हटलं बोलते. पण काय बोलू?" ती हसली. "आज वॉर्डात एक आजोबा होते. तुमच्यासारखी मिशी. औषध घेईनात. मी म्हटलं, घाई नको, सावकाश घ्या. मग मलाच हसू आलं... काल मी मम्मीसारखं वालाचं बिरडं करायला गेले. करपलं. तुम्ही काय जेवता हो तिकडं? मी कधी विचारलंच नाही." मग नुसती करकर. इंडिकेटर. "पोचले. ठेवते."

अंकलनी मेसेज मागे नेला आणि परत ऐकला. मग परत. डोळे मिटलेले, मान थोडी कलती. सुधाकर रस्त्याकडे बघत होता आणि मी माझ्या बुटांकडे.

"सर्दी झालीय तिला," अंकल म्हणाले.

"आं?"

"नाक बंद आहे. 'मम्मी' म्हणताना कळतं. चार-पाच दिवस अंगावर काढलीय." त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. सुधाकरने न सांगता एसी बंद केला, आवाज मध्ये येऊ नये म्हणून. अंकलनी बटण दाबलं. "बाय, ऐकलं," ते म्हणाले. आणि थांबले.

पुढचं नेहमीचं वाक्य या गाडीला लागू पडत नव्हतं. अंकलचं तोंड उघडलं, मिटलं. अंगठा बटणावर दाबलेला. फोनवर सेकंद पळत होते आणि आम्ही तिघे घामाने भिजत होतो. सुधाकरला राहवेना. तो मागे वळून माझ्याशी कुजबुजला, "काय बोलायचं ते सांगू का त्यांना?"

"घाई नको," मी म्हणालो. "तेल झोपलंय."

अंकलनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. पण त्यांची मिशी हलली, घसा खाकरला, आणि ते बोलायला लागले. "बाय, मी दुपारी डाळ-भात नेतो डब्यात. रात्री सुधाकर मासे करतो, बरे करतो, पण खोबरं कमी घालतो. तू आधी आलं ठेचून काढा घे. मम्मी त्यात गवती चहा घालायची, तिकडं मिळतो का बघ. आणि वाल मंद आचेवर ठेवायचे, बाय, ढवळायचे नाहीत. तुझी मम्मी सांगायची मला, मी किचनच्या उंबऱ्यावर बसलेला असायचा, तू तेव्हा..."

त्यांचं बोलणं चालूच राहिलं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, आम्ही त्याची वाट अडवली होती. सुधाकरने खिडकीतून हात बाहेर काढून त्याला बाजूने जायची खूण केली. इंजिन चालू होतं, कामाला उशीर झाला होता, पण सुधाकरने गिअर टाकला नाही.